भोंगा, पाळी आणि गावची वाट
यंत्राच्या वेगाने कोकणच्या गिरणी कामगाराचे आयुष्य कसे घडवले?

गणपतीपुळ्याला दर्शनासाठी आलेला प्रवासी थोडे पुढे जाऊन मालगुंडला थांबतो, तो बहुधा केशवसुतांसाठी. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली या गावी झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांच्या जन्मस्थानी उभारलेल्या स्मारकात १९९४ पासून काव्यरसिकांची आणि शाळकरी सहलींची ये-जा असते. केशवसुतांची 'तुतारी' सर्वांना ठाऊक असते. त्यांनी 'मजुरावर उपासमारीची पाळी' अशा शीर्षकाचीही एक कविता लिहिली होती, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. काम न मिळाल्याने उपाशी राहिलेला मजूर मराठी कवितेचा विषय झाला, तो मालगुंडच्या या कवीमुळे. केशवसुत स्वतः पोटापाण्यासाठी मुंबईत राहिले, शिकवण्या आणि किरकोळ नोकऱ्या करत राहिले आणि १८९६ च्या प्लेगनंतर त्यांनी ते शहर सोडले. त्याच सुमारास मालगुंड, जयगड, नेवरे या पट्ट्यातले आणि एकूणच रत्नागिरी जिल्ह्यातले हजारो तरुण उलट दिशेने, मुंबईच्या कापड गिरण्यांकडे निघाले होते.

योगायोग असा, की कवितेच्या शीर्षकातला 'पाळी' हा शब्द या तरुणांच्या आयुष्यात निराळाच अर्थ घेऊन आला. गावात पाळी असते ती पाण्याची किंवा देवळातल्या मानाची. गिरणीत पाळी म्हणजे यंत्राजवळ उभे राहण्याचे ठरलेले तास. शब्दाच्या या स्थित्यंतरात त्या पिढीचा इतिहास साठवलेला आहे.

मोठ्या प्रमाणावरील यांत्रिक उत्पादनाचा कामगारावर काय सामाजिक परिणाम झाला, या प्रश्नाची चर्चा साधारणतः अमेरिकेपासून सुरू होते. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात मोटारीच्या सांगाड्यासाठी फिरती जुळणी-साखळी, म्हणजेच असेंब्ली लाइन सुरू केली. कामगाराने मोटारीकडे जायचे नाही. मोटार कामगारापुढून सरकत जाईल आणि प्रत्येकाने एकच ठरलेली क्रिया करायची, असे तिचे तत्त्व. पूर्वी एका सांगाड्याला साडेबारा तासांच्या आसपास लागत, ते काम सुमारे दीड तासावर आले. महाराष्ट्राला मात्र या व्यवस्थेचा परिचय होण्यासाठी फोर्डची वाट पाहावी लागली नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हाच कामाचे तुकडे आणि यंत्राने ठरवलेला वेग ही दोन मुख्य लक्षणे मुंबईत अवतरली होती. कापसाची गाठ फोडण्यापासून पिंजणे, पेळू काढणे, सूत कातणे, बॉबिनवर गुंडाळणे, ताणा भरणे, खळ देणे, विणणे आणि घडी घालणे इथपर्यंत माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असे. सरकता पट्टा नव्हता, एवढाच फरक. चाती किती वेगाने फिरणार आणि धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारणार हे माणूस ठरवत नव्हता.

या गिरण्यांना माणसे पुरवली ती प्रामुख्याने कोकणाने. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, हे येथे ध्यानात घ्यावे.) पुढे हे प्रमाण घटत गेले, तरी गिरणगावाची बोली, सण आणि खाणे यांवरचा कोकणचा ठसा पुसला गेला नाही.

घड्याळाशी झालेली पहिली झुंज

वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाच्या कष्टाला तोटा नव्हता. लावणीच्या दिवसांत तोही पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकलेला असे. परंतु त्या कष्टाला ऋतूची लय होती. पावसाळ्यात जीव तोडून राबायचे, शिमग्यात हात मोकळे ठेवायचे. गिरणीने ही लय मोडली आणि वर्षाचा प्रत्येक दिवस सारखा केला. आठवड्याला एक सुट्टीसुद्धा सहजी मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेल्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तोवर अनेक ठिकाणी सुट्टी म्हणजे यंत्रे साफ करण्याचा दिवस होता.

घड्याळाच्या या सत्तेचे एक बोलके उदाहरण १९०६ सालचे आहे. त्या वर्षाच्या प्रारंभी सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. गिरणीचे घड्याळ पुढे सरकवले गेले, सूर्य मात्र आपल्या जागी राहिला. परिणामी कामगाराला पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे लवकर उठून अंधारातच फाटक गाठणे भाग पडले. जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून गिरणीतील हजारो कामगारांनी याविरुद्ध उघड निषेध केला. शहरातील सुशिक्षितांचा प्रमाणवेळेला असलेला विरोध अस्मितेचा होता. कामगाराचा विरोध झोपेचा होता आणि तो अधिक खरा होता, असे म्हणावेसे वाटते.

त्याच काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवस मावळला की काम थांबणार, ही निसर्गाने घातलेली अखेरची मर्यादाही मग उरली नाही. कित्येक गिरण्या तेरा-चौदा तास चालू लागल्या. कायद्याने हे तास खाली आणायला चार दशके घेतली. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ मुलांचा विचार केला. १८९१ मध्ये स्त्रियांना ११ तासांची मर्यादा मिळाली. प्रौढ पुरुषाच्या कामाला पहिली मर्यादा पडली ती १९११ मध्ये, आणि तीही १२ तासांची. १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास, असा हा प्रवास आहे. तास कमी झाले तसा प्रत्येक तासात ओतायच्या श्रमाचा प्रश्न पुढे आला. कायद्याला घड्याळ मोजता येते, यंत्राचा वेग मोजणे त्याला फारसे जमलेले नाही.

खाते, जात आणि स्त्री

कामाचे तुकडे केले की माणसाच्या जातीपातीचे मोल उरत नाही, यंत्रापुढे सारे सारखे, असा एक समज विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होता. मुंबईच्या गिरण्यांनी तो खोटा ठरवला. साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, सर्वांत चांगल्या मजुरीचे. तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे: धोट्यातील सूत संपले की नवी कांडी भरताना धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. अस्पृश्यांच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकऱ्यांना चालत नसे. तोंडाने सूत ओढण्याच्या या पद्धतीने कापसाची धूळ आणि दुसऱ्याचे रोग सर्वांच्याच पोटात जात होते. त्या पद्धतीविरुद्ध मात्र संताप व्यक्त होत नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखात्यातील प्रवेशाचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवला. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. त्यामुळे हा वाद पुष्कळ अंशी एकाच जिल्ह्यातून, कदाचित एकाच बोटीतून मुंबईला आलेल्या माणसांमधला होता.

स्त्रियांची कहाणी निराळी आणि आपल्याकडे फार कमी सांगितली गेलेली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमणीला 'नायकीण' म्हणत. त्यांतल्या कितीतरी विधवा किंवा नवऱ्याने सोडलेल्या होत्या. पुढे वाइंडिंगची वेगवान यंत्रे आली आणि पूर्वी अनेक जणी करत ते काम थोड्या हातांवर आले. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने गरोदर कामगार स्त्रीला मदत देण्याचा बोजा मालकावर टाकला आणि रात्रपाळीच्या बंदीमुळे दोन-तीन पाळ्यांच्या गिरणीत स्त्री गैरसोयीची ठरली. दोन्ही कायदे हेतूने चांगले होते. त्यांचा उपयोग स्त्रीला संरक्षण देण्याऐवजी तिला कामावर न ठेवण्याची सबब म्हणून झाला, ही गोष्ट आज कामगार कायद्यांची चर्चा करणाऱ्यांनी विसरू नये. गिरण्यांच्या अखेरच्या काळात स्त्रियांचे प्रमाण नगण्य उरले होते.

दोनाऐवजी तीन साचे

गिरणी कामगारांचे संप म्हटले की पगारवाढ आणि बोनस हेच डोळ्यांपुढे येतात. १९२८ चा सार्वत्रिक संप मुळात वेगाविषयीचा होता. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापड स्वस्तात येऊ लागले, तेव्हा ससून समूहाच्या गिरण्यांनी 'कार्यक्षमते'च्या योजना आणल्या. विणकऱ्याने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे आणि सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या. मालक म्हणत, लँकेशायरचा विणकरी चार साचे सांभाळतो, मुंबईकराला तीन का झेपू नयेत? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु लँकेशायरच्या विणकऱ्याला मिळणारे सूत चांगल्या कापसाचे होते आणि तेथील दमट हवेत ते तुटत कमी होते. मुंबईत आखूड धाग्याच्या, मिसळीच्या कापसाचे सूत वारंवार तुटे. तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे यंत्र थांबवणे, गाठ मारणे आणि पुन्हा सुरू करणे. तिसरा साचा म्हणजे कामात दीडपट वाढ, हा कागदावरचा हिशेब झाला. साच्यांमधून येरझारा घालणाऱ्या पायांचा आणि दहा तास धाग्यावर रोखलेल्या डोळ्यांचा हिशेब वेगळाच होता. शिवाय दोघांचे साचे तिघांकडे न जाता तिघांचे साचे दोघांकडे आले, की तिसरा घरी बसणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

एप्रिलमध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबर १९२८ पर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. डांगे, मिरजकर, निंबकर, झाबवाला आणि ना. म. जोशी ही नावे सर्वांना परिचित आहेत. परंतु स्वतः गिरणीत काम केलेले आळवे आणि कासले यांचे कामगारांवरील वजन कमी नव्हते. संपातूनच गिरणी कामगार युनियन पुढे आली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती नेमली गेली.

येथे एक गमतीची तुलना करता येते. त्याच दशकात जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग पूर्णत्वाला नेला. मागच थांबत असल्याने एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकण्यात आले आणि टोयोडा घराण्याने पुढे मोटारींच्या उद्योगात पाऊल टाकले. आज जगभरच्या मोटार कारखान्यांत शिकवली जाणारी टोयोटाची पद्धत एका मागापासून सुरू झाली. मुंबईच्या मालकांना टोयोडांइतकेच साचे एका माणसाकडे द्यायचे होते. त्यासाठी यंत्र बदलण्यापेक्षा माणूस ताणणे त्यांना स्वस्त वाटले.

गाव: कामगाराचा ब्रेक

सहा महिने पगाराविना दीड लाख माणसे कशी जगली? उत्तर गिरणगावात नाही, कोकणात आहे. संप लांबला तसे कामगार आपापल्या गावी निघून गेले. एप्रिल-मे महिन्यांत बोटी चालू असत, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरे घेत त्या दक्षिणेकडे जात. पुढे पावसाळा होता आणि शेतीला हात हवेच होते. घरच्या भाताने, नाचणीने आणि सुक्या मासळीने संप तगवला. कुणी त्याला संपनिधी म्हटले नाही, तरी तो संपनिधीच होता.

गिरणीमालकांची याच गावाविषयी कायम तक्रार असे. कोकणी कामगार मनाने शेतकरीच राहतो, उन्हाळ्यात लग्नकार्याला आणि पुढे गणपतीला खाडे करतो, त्यामुळे त्याच्यात खऱ्या औद्योगिक कामगाराची शिस्त येत नाही, असा हा युक्तिवाद. पुष्कळ अभ्यासकांनीही तो उचलला. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने मात्र जरा वेगळी भूमिका घेतली. गावाशी असलेला दुवा तोडू नये, तो नियमित करावा, असे आयोगाचे मत पडले. आमच्या मते आयोग अधिक बरोबर होता, पण त्यालाही अर्धीच गोष्ट दिसली. गाव हे कामगाराचे विश्रांतिस्थान होते आणि त्याहून अधिक म्हणजे 'नको' म्हणण्याची त्याची एकमेव ताकद होती. यंत्राला थांबवण्याची कळ त्याच्या हाती नव्हती, निघून जाण्याची वाट होती.

या वाटेची किंमत कुणी मोजली, हाही प्रश्न आहेच. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता आणि वर थोडा. त्यात मुंबईत बिऱ्हाड करणे बहुतेकांना शक्य नव्हते. म्हणून पुरुष शहरात आणि बायको, मुले, म्हातारी माणसे गावी, अशी कुटुंबाची विभागणी झाली. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने सारे एकाच वेळी झोपत नसत, म्हणूनच ते शक्य होई. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीवाला येऊन पडे. माणूस झोपेतसुद्धा गिरणीच्या वेळापत्रकात बांधलेला होता. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बाया बहुधा कामगारांच्याच घरातल्या. गिरणीतून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकीही काहींनी हा मार्ग धरला. दहा-पंधरा गड्यांचा दोन वेळचा स्वयंपाक, तोही पाळीनुसार वेगवेगळ्या वेळी, आणि पैसे मिळणार पगार झाल्यावर. तोवर किराणा सावकाराच्या उधारीवर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या श्रमाला प्रथमच बँकेचे कर्ज आणि नाव मिळाले. गिरणीच्या हजेरीपटावर या स्त्रियांची नोंद कधीच नव्हती. त्यांच्यावाचून मात्र एक पाळीही वेळेवर भरली नसती.

गावी राहिलेल्या स्त्रीचे श्रम तर याहूनही अदृश्य. नांगर धरण्यापासून सारवणापर्यंत सर्व तिच्या अंगावर आले. मनिऑर्डर महिन्याच्या महिन्याला येईलच याची शाश्वती नव्हती आणि तिचे कूपन वाचून दाखवायला पोस्टमनच लागे. अर्थतज्ज्ञ कोकणच्या व्यवहाराला 'मनिऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणू लागले. या नावात पैसा पाठवणारा दिसतो, शेत आणि घर सांभाळून पगाराची उणीव भरून काढणारी दिसत नाही. खरे तर गिरणीचा पगार इतका कमी ठेवता आला, तो तिच्या फुकटच्या श्रमामुळे. मुले आणि म्हातारपण या दोन्हींचा खर्च गिरणीने गावावर ढकलला होता. जनगणनेचे आकडे या विभागणीची साक्ष आजही देतात. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये १,१३६ आणि २०११ मध्ये १,१२२ स्त्रिया होत्या, म्हणजे राज्यात सर्वाधिक. स्त्रीच्या सन्मानाचे लक्षण म्हणून हा आकडा कधी कधी भाषणांत उद्धृत होतो. प्रत्यक्षात तो बराचसा पुरुषांच्या गैरहजेरीचा आकडा आहे. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची एकूण लोकसंख्याही सुमारे पाच टक्क्यांनी घटली.

गिरणीने एक जगही घडवले, हे नोंदवले नाही तर चित्र एकांगी होईल. भजनी मंडळे, तालमी, जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन, गणेशोत्सव आणि कामगार रंगभूमी यांनी गिरणगाव गजबजलेले असे. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेले परळचे दामोदर नाट्यगृह तर कोकणी नाट्यवेड्या कामगाराचे माहेरच होते. आठ तास एकच क्रिया करणाऱ्या माणसाने रात्री तोंडाला रंग लावून राजा व्हावे, यात मानसशास्त्राला बरेच शोधता येईल. नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे लेखक याच वस्तीतून आले.

बदली

फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली एक अडचण उभी राहिली. साखळीवरचे काम इतके कंटाळवाणे होते की माणसे टिकतच नसत. वर्षभरातील सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ३७० टक्के झाले, म्हणजे एक जागा भरलेली ठेवण्यासाठी वर्षाकाठी जवळजवळ चार माणसे भरती करावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, त्यामागचे मोठे कारण हेच. सोडून जाण्याची कामगाराची मुभा मालकाला महाग पडली, म्हणून मजुरी वाढली. (त्या बदल्यात कंपनीचे तपासनीस कामगाराचे घर, दारू आणि बचत तपासायला येत, हा भाग सहसा सांगितला जात नाही.)

मुंबईने याच प्रश्नाला स्वस्त उत्तर शोधले, ते म्हणजे बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी बदल्यांची गर्दी असे. कायम कामगाराचा खाडा पडला की मुकादम म्हणजे जॉबर त्यांतून माणूस निवडे. जॉबरला खूश ठेवणे हा बदलीच्या कामाचाच भाग होता. वर्षानुवर्षे बदली म्हणून राहिलेले लोक होते. कामाचे तुकडे जितके बारीक, तितका माणूस बदलणे सोपे. याच गणितावर बदलीची व्यवस्था उभी होती. कोकणची वाट कामगाराला 'नको' म्हणण्याचे बळ देत होती आणि फाटकावरची गर्दी ते बळ खच्ची करत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदलींना कायम करण्याची मागणीही पुढे होती. पगारवाढ आणि मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हे अन्य मुद्दे होते. पुन्हा एकदा कामगार गावी गेले, पुन्हा एकदा गावाने त्यांना पोसले. मात्र या वेळी मालकाला घाई नव्हती. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, संघटना नसलेल्या मजुरांकडून विणून घेता येत होते आणि गिरणीखालची जमीन कापडापेक्षा मौल्यवान होऊ लागली होती. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. निघून जाण्याच्या ज्या वाटेने १९२८ मध्ये गिरणी बंद पाडली, त्याच वाटेने १९८२ नंतर कामगार परत आला नाही तरी कुणाचे काही अडले नाही.

घरी बसलेल्या कामगारापुढे आणखी एक अडचण होती. तीस वर्षे कापड गिरणीत काढूनही त्याला कापड करता येत नव्हते. त्याला येत होते एका खात्यातले एक काम, तेही विशिष्ट यंत्राजवळ. सुतार सुतारकी घेऊन गावी परततो, गिरणीतला ड्रॉइंगवाला काय घेऊन परतणार? कुणी रखवालदार झाले, कुणी भाजीची गाडी लावली, पुष्कळांच्या बायकांनी घरकाम धरले. कापसाच्या धुळीने जडलेला दम्यासारखा विकार आणि साचेखात्याच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा मात्र सोबत राहिला.

साखळी पुढे सरकली

खऱ्या अर्थाने असेंब्ली लाइन मराठी कामगाराच्या आयुष्यात आली ती स्वातंत्र्यानंतर, कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना, कांदिवलीचा महिंद्र, पिंपरीचा टेल्को आणि आकुर्डीचा बजाज यांच्यामार्फत. गिरणी कामगाराच्या मुलाला ही बढती वाटली. गणवेश, कँटीन, बस, भविष्य निर्वाह निधी आणि पुष्कळदा बायको-मुलांसह राहता येईल इतका पगार, ही कमाई लहान नव्हती. ती संघटनेच्या बळावर झालेली होती. परंतु कामाचे स्वरूप पाहता तुकडा आणखी बारीक झाला. अमेरिकेतील लॉर्ड्सटाउनला १९७२ मध्ये ताशी शंभर मोटारींच्या वेगाविरुद्ध तरुण कामगारांनी संप केला, स्वीडनमध्ये व्होल्वोने १९७४ मध्ये काल्मार येथे साखळीऐवजी गटाने मोटार जुळवण्याचा प्रयोग केला. आपल्याकडे वेगाची अशी चर्चा झाली नाही. नोकरी टिकणे हाच प्रश्न अग्रभागी राहिला. कुर्ल्याची पद्मिनी नव्या शतकाच्या तोंडावर बंद झाली, आकुर्डीतील बजाजचे उत्पादन २००७ मध्ये थांबले.

आज चाकण-तळेगावच्या पट्ट्यात साखळीवर उभ्या असलेल्या मुलांमध्ये कंत्राटी कामगार आणि प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने असतात. नाव बदलले, बदली तोच आहे. फाटकाशी उभा न राहता तो ठेकेदाराच्या यादीत असतो. चार-पाच जणांनी घेतलेल्या खोलीत पाळीनुसार झोपण्याची पद्धतही गिरणगावाहून फार निराळी नाही. गावाकडे परतण्याची वाट त्यालाही आहे. परंतु काही दिवसांत शिकता येणारे काम सोडून तो गेला, तर दुसरा लगेच त्या जागी उभा राहतो.

तासांचा प्रश्नही पुन्हा आला आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत वाढवण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला कायम असल्याचे सरकारचे म्हणणे आहे. १२ तास हा आकडा १९११ च्या कायद्यातलाही आहे, हा उल्लेख त्या चर्चेत कुणी केल्याचे आठवत नाही.

इकडे गिरण्यांचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासातून कामगारांना घरे देण्याची तरतूद २००१ च्या नियमात आली आणि त्यासाठी दीड लाखाच्या वर अर्ज आले. म्हाडाच्या सोडतींतून त्यांतल्या थोड्यांनाच घर मिळाले. अर्जासाठी लागते ते गिरणीचे ओळखपत्र, हजेरी क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची पावती. ही कागदपत्रे कोकणातल्या घरांत पत्र्याच्या ट्रंकेत, बहुधा कामगाराच्या विधवेने किंवा मुलाने जपून ठेवलेली असतात. शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव सरकारने ठेवला, तेव्हा कामगार संघटनांनी तो नाकारत मुंबईतच घर हवे असे सांगितले. ज्या शहरात वळकटीपुरती जागा पाळीने मिळत होती, तेथे आता त्यांना स्वतःच्या नावाची खोली हवी आहे.